चोवीस तासांची तार

मिस्त्रींच्या दुकानाला तीन कुलपं होती आणि त्यातलं एक ते कधीच लावत नसत. संध्याकाळी शटर ओढलं की तिन्ही कुलपं कड्यांत अडकवायची, दोन दाबायची आणि तिसरं लांबून लावल्यासारखं दिसेल इतपतच ठेवायचं. कोणतं, ते रोज बदलायचं. यामागचं शास्त्र त्यांनी मला ओळख होऊन सहा-सात महिने झाल्यावर सांगितलं, तेही आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेऊन. चोर आला की तो तिन्ही कुलपांत आपली किल्ली फिरवणार. दोन उघडतील, आणि जे मुळात उघडंच आहे ते तो आपल्या हातानं बंद करून बसेल. मग त्याच्यावर घाम गाळत राहील. "चोराच्या मनात शंका राह्यते ना बाई, म्हणून त्याचं काम बिघडते," ते म्हणाले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात शंका घेतल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा घेतला नाही, त्यानं हे म्हणावं याचं मला हसू आलं होतं.

दुकान मेडशीला, बसथांब्याच्या समोर. काम गाड्यांच्या वायरिंगचं. ट्रॅक्टर, मालवाहू रिक्षा, जुन्या जीपा, कधी एखादी मळणीयंत्राची बॅटरी. त्यांचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही. एकदा विचारलं होतं, तर त्यांनी उलट विचारलं, "कायले पाह्यजे?" पाटीवर नावाच्या जागी फक्त 'वायरिंगचे काम' होतं आणि खाली मोबाइल नंबर. त्या नंबरावर लावला की पातूरकडच्या कुणा बाईला लागायचा आणि ती वैतागून म्हणायची, इथं कोणी मिस्त्री राहत नाही. शेवटचा आकडा त्यांनी मुद्दाम चुकीचा रंगवून घेतला होता. ज्याला खरंच गरज आहे तो चालत येईल, बाकीच्यांना नंबर कशाला हवा, असा त्यांचा सवाल.

गळ्यात कायम दोन तारा जोडलेला एक बल्ब. मी माझा स्टेथोस्कोप अडकवते तसाच. एक टोक गाडीच्या पत्र्याला लावायचं, दुसरं तारेला, बल्ब लागला तर करंट आहे. एवढं साधं हत्यार, पण त्याच्यावाचून त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. पाकिटातून काढलेला कोरा फ्यूजसुद्धा आधी बल्बाला दाखवायचा. मी म्हणाले, अहो, नवा आहे, वर लिहिलंय किती अँपिअरचा ते. ते म्हणाले, लिहिलं तर आपल्या ट्रॅक्टरवर बी 'सावकाश जा' लिवलं राह्यते.

आणि सगळ्या तारा काळ्या. लाल तार बॅटरीच्या अधिकची, काळी पत्र्याची, हे सगळ्या जगाला माहीत आहे, आणि जगाला माहीत आहे म्हणूनच मिस्त्रींना ते नको होतं. ते एकाच काळ्या रंगाचं बंडल आणत आणि कोणती तार कशाची, हे टोकाशी मारलेल्या गाठींवरून फक्त त्यांनाच कळे. दोन गाठी म्हणजे हॉर्न की तीन गाठी, हे ते मेले तरी सांगणार नव्हते. त्यांनी हात लावलेली गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली की तो माणूस डोकं धरून बसायचा. मालकानं तक्रार केली की त्यांचं एकच ठरलेलं वाक्य: "मालकाले माहीत नसावं."

हे वाक्य मला फार टोचायचं. मी शिकलेली, डॉक्टर बाई, जीप माझ्या ताब्यातली, आणि मला माहीत नसावं म्हणजे काय? मला वाटायचं, ही सगळी गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती आहे. माझी ही शंका मी चहाच्या टपरीवर बोलून दाखवली तेव्हा टपरीवाल्या काकू म्हणाल्या की तसं नाही. पूर्वी मिस्त्री लाल-काळ्या तारा वापरत आणि मालकाला सगळं उघडून दाखवत. मग एकदा लग्नाच्या वरातीच्या जीपला त्यांनी गाण्याच्या डब्यासाठी बॅटरीवरून थेट तार दिली. फ्यूज लावला, मालकाला दाखवला. वरातीत फ्यूज दोनदा उडाला, तिसऱ्यांदा मालकानं त्याजागी तांब्याची तार पिळून बसवली, आणि जीप मांडवासमोर पेटली. माणसं वाचली. पण गावभर नाव मिस्त्रींचंच झालं, आणि तांब्याची तार जळून गेल्यामुळे त्यांच्याकडे दाखवायला काही उरलं नाही. दोन वर्षं कुणी त्यांच्याकडे साधा इंडिकेटरसुद्धा नेला नाही, असं काकू म्हणाल्या.

माझं त्यांच्याशी काम पडलं ते शेळ्यांमुळे. मी एका संस्थेत जनावरांची डॉक्टर आहे, आणि माझ्याकडे डोंगराकडेचे तांडे होते. तिथवर साधी गाडी जात नाही. नाला, मग मुरमाची चढण, मग नुसते दगड. म्हणून संस्थेनं चारही चाकं ओढणारी एक जुनी जीप दिली होती आणि लशींसाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज. सगळे त्याला डबाच म्हणत. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, नाहीतर ती असून नसल्यासारखी. पण जीपचं सॉकेट चावी काढली की बंद पडायचं, आणि चावीबरोबर डबाही. मला मागच्या बाजूला एक असं सॉकेट हवं होतं, जे चावी काढल्यावरही जिवंत राहील.

मी हे सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या तरी शेतातून चोरून वीज मागते आहे.

"चाबी काढल्यावर करंट कायले पाह्यजे?"

मी लशीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डबा उघडला, आत हात घालून पाहिला, हाताचा वास घेतला. मग म्हणाले, "मंग चाबी गाडीतच राहू द्या ना. सॉकेट चालू राह्यते. तार कायले पाह्यजे?"

मी म्हणाले, अशी चावी ठेवून गाडी कशी सोडायची, तांड्यावर... आणि थांबले.

"म्हंजे तांड्यावर भरोसा नाई," मिस्त्री म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. उलट, आपल्यातलंच कुणी भेटल्यासारखे ते जरा जवळ सरकले. मग विचारलं, "याच्या आधी काय झालं?"

मी म्हणाले, काही नाही झालं.

"बाई, माणूस चोवीस तासांची तार तवाच मागते, जवा तिच्याविना त्याचं काही गेलं राह्यते. काय गेलं ते सांगा. मंग तार."

मला असा राग आला की मी जीप काढून सरळ वाशीमला गेले. तिथं एका दुकानात एकानं पंधरा मिनिटांत बॅटरीवरून एक बारीक तार ओढली, फ्यूज नाही की काही नाही, आणि म्हणाला, झालं मॅडम. परत येताना माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं जळल्याचा वास येतोय का याकडे होतं. घरी आल्यावर मी ती तार स्वतः उपटून काढली. आठ दिवसांनी मी पुन्हा मिस्त्रींच्या दुकानात होते, आणि जे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगत होते.

आदल्या वर्षीची गोष्ट. डोंगराखालच्या एका बंजारा तांड्यावर मी लस टोचायला गेले होते. दसरा-दिवाळीच्या मध्ये तिथली निम्म्याहून अधिक घरं ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं आणि शेळ्या उरतात. ती जाण्याआधी लस व्हायला हवी. मी चावी काढून पर्समध्ये टाकली, कारण जीपभोवती माणसं उभी होती आणि मला ती माणसं ओळखीची नव्हती, एवढंच. घरोघर फिरण्यात तीन तास गेले. परत येऊन डबा उघडला तर आतल्या तापमापकाचा काटा वीसच्या वर. मी तो पाहिला. झाकण लावलं. मनाशी म्हटलं, थोडाच तर वेळ झालाय. आणि टोचत सुटले. महिनाभरात रोग आला. नाकातोंडातून पाणी, जुलाब, चार-पाच दिवसांत शेळी आडवी. तांड्यातल्या एका म्हातारीच्या अकरा शेळ्यांपैकी एक उरली. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. तांडा म्हणाला, बाईनं पाणी टोचलं. मी संस्थेत सांगितलं की रोग आधीच शिरला होता, आणि हे इतक्या सफाईनं सांगितलं की पुढे कुणी विचारलंच नाही. मला मात्र तेव्हापासून डब्याचं झाकण उघडायची भीती वाटते.

मिस्त्रींनी सगळं ऐकलं. "चाबी कुठी होती?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, पर्समध्ये. त्यांनी मान हलवली. बरं वाटेल असा एक शब्द बोलले नाहीत. फक्त माझा फोन मागून घेतला आणि पाटीवरच्या नंबराचा शेवटचा आकडा दुरुस्त करून दिला. त्या दिवसापासून मला एक नवीनच घोर लागला, की हा माणूस हे कुणाकुणाला सांगेल.

तारेचं काम दोन दिवस चाललं. गाडीजवळ थांबायची मला परवानगी नव्हती, म्हणून मी समोर टपरीवर बसून पाहत राहिले. त्यांनी बॅटरीची तार आधी सोडवली आणि तिचा बोल्ट खिशात टाकला. मग अंगठ्याएवढी जाड काळी तार. ती पत्र्यातून जाते तिथं रबराची रिंग, कारण खडबडीत रस्त्यावर पत्रा तारेला करवतीसारखा कापतो. प्रत्येक वीतभर अंतरावर पट्टी. मागे सॉकेट, आणि पत्र्याचा रंग खरवडून पक्कं अर्थिंग. काम इतकं देखणं होतं की मला शंकेला जागाच सापडेना, आणि त्यामुळेच शंका वाढली. संध्याकाळी मी विचारलं, फ्यूज कुठे बसवला? "हाय. मालकाले माहीत नसावं." मग विचारलं, चोर स्विच?

चोर स्विच म्हणजे गाडीत दडवलेलं एक बटण. ते माहीत नसलेल्यानं कितीही चावी फिरवली तरी गाडी सुरू होत नाही. मिस्त्री प्रत्येक गाडीत तो बसवत आणि मालकाला बाजूला नेऊन कानात सांगत, बायकोलाही सांगू नको म्हणून बजावत.

"तुमच्या तारेले कायले चोर स्विच?" ते म्हणाले. पण उत्तर फार लवकर आलं. इतर वेळी हा माणूस 'पाऊस येईल का' याचंसुद्धा उत्तर आभाळाकडे दोनदा पाहून देतो.

पुढचे काही आठवडे डबा उत्तम चालला. पण मला झोप येईना. सॉकेट चालू आहे ते कुणाच्या मर्जीवर, हा विचार डोक्यातून जाईना. अखेर एका रविवारी सकाळी मी डबा घरात ठेवला आणि टॉर्च घेऊन जीपमध्ये शिरले. मागच्या सीटखाली, जॅकच्या आड, एक लहानसं काळं बटण सापडलं. त्याला जाड काळी तार. बटण वर होतं. आपल्याकडे घराघरांत बटण वर म्हणजे बंद. मला इतका आनंद झाला! पकडलं म्हणायचं तुम्हाला, मिस्त्री. आधी नाही म्हणालात, वर बंद करून ठेवलंत, उद्या डबा थांबला की मी पुन्हा तुमच्या दारात. काल तर डबा चालू होता, मग हे बंद कसं असेल, एवढा साधा विचारही मला शिवला नाही. मी बटण खाली दाबलं आणि सीट लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी सोमवारी त्याच तांड्यावर लस होती. परवाला नाल्यापलीकडच्या रस्त्यावर ऊसतोडीचे ट्रक येणार होते. नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, मी महिनाभर विनवलं होतं. तो म्हणाला होता, मागच्या साली पाणी टोचलं, औंदा काय टोचता? शेवटी एक वेळ पाहू म्हणाला. मी सकाळी लस भरली, डबा सॉकेटला लावला, उन्हाला ओलं पोतं वर टाकलं आणि निघाले. डब्याचा हिरवा दिवा पोत्याखाली झाकलेला. पाहायची गरजच वाटली नाही, बटण मीच तर चालू केलं होतं.

नाल्यात एक तास गेला, मग शेळ्या चरून यायची वाट पाहण्यात अजून दोन. एक वाजता माणसं जमली. शेळ्या दोरीला बांधल्या. मी पोतं काढलं. हिरवा दिवा नव्हता. काटा एकोणीसवर.

माझं डोकं तापलं. मी टेकाडावर चढले, जिथं रेंज येते, आणि मिस्त्रींना फोन लावला. काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. ते फक्त म्हणाले, "कोणी हात लावू नका. येतो." तांडा बसून राहिला.

पाऊण तासानं मिस्त्री पायवाटेनं मोटरसायकलवर आले, गळ्यात बल्ब. कुणाशी न बोलता त्यांनी मागची सीट उचलली. घाईत पत्र्याची धार अंगठ्याला लागली, रक्त आलं. त्यांनी तसंच आत डोकं घातलं. मग बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणं दाबलं?"

मी पुढे होऊन सीट लावायला लागले. ते काय समजायचं ते समजले. बटण त्यांनी मुद्दाम उलटं बसवलं होतं. वर चालू, खाली बंद. कधी तार पेटलीच तर हातानं तोडता यावी म्हणून ते बटण होतं, आणि मालकाला माहीत असलं की मालक त्याच्याशी खेळतो म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांनी तिसरं कुलूप उघडं ठेवलं होतं आणि मी इमानेइतबारे ते बंद करून आले होते.

मिस्त्री नायकाकडे वळले. "चूक माही होय. बटन उलटं लावलं, आन बाईले सांगतलं नाई. बाईची काही गलती नाई."

माझी सुटका होत होती. मागच्या वर्षीसारखीच, तशाच सफाईनं. मी डब्याकडे पाहिलं आणि मला त्या काट्याची इतकी किळस आली की मी म्हणाले, बटण मी दाबलं. यांच्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून शोधून दाबलं. ही लस आता वाया गेली, ही मी टोचणार नाही.

नायक एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला. याडी मात्र उठून पुढे आली. हातात तिच्या एकुलत्या शेळीची दोरी.

"मंग मागच्या सालची?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. यांनी सांगितलं असणार, असं क्षणभर वाटलंच. ते खाली मान घालून अंगठा दाबत उभे होते. नंतर कळलं, त्यांनी कधीच, कुणाला, एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी सांगायला तोंड उघडलं. "अशी नाई," याडी म्हणाली. तिनं माझा दंड धरून मला वळवलं. "पोहरादेवी तिकडे हाय. तिकडे तोंड करून सांग."

मी तिकडे, बंजाऱ्यांच्या त्या तीर्थाकडे, तोंड करून सांगितलं. लस गरम झाली होती, मी काटा पाहिला होता, पाहूनही टोचलं. वर खोटं सांगितलं.

"गरम काहून झाली?"

"चावी काढून नेली होती. चावी काढली की डबा बंद पडतो."

"चाबी काहून नेली?"

मी म्हणाले, तुमच्यावर भरोसा नव्हता म्हणून.

याडीनं माझा दंड सोडला. "आमी तं तुह्यावर शेळ्या सोडल्या होत्या," ती म्हणाली, आणि शेळी घेऊन निघून गेली. तिच्यामागे एकेक करून सगळे गेले. नायक जाता जाता म्हणाला, उद्या या की नका येऊ, तुमची मर्जी. मला तिथंच, मिस्त्रींसमोर रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मिस्त्रींचा अंगठा मात्र बांधायचा होता. औषध लावताना त्यांनी विचारलं, हे कायचं? शेळीचं की माणसाचं? मी म्हणाले, दोघांचं. पांढरी कापडी चिकटपट्टी गुंडाळली. निघताना ते चिकटपट्टीचं अख्खं रीळ त्यांनी गुपचूप खिशात टाकलं. मी पाहिलं, पण बोलले नाही. त्या अवस्थेतही मनात नोंद केलीच, की रीळ लांबवलं.

दुसऱ्या दिवशी वाशीमहून नवीन लस घेऊन मी पुन्हा गेले. बटण वर. डब्यावर पोतं नाही. मिस्त्री माझ्या आधीच येऊन मोहाच्या झाडाखाली बसले होते. कशाला आलात विचारलं तर म्हणाले, असंच. ट्रक उद्या येणार होते. दहा वाजले, साडेदहा. कुणी आलं नाही. मग याडी आली, शेळी घेऊन. तिनं हिरव्या दिव्यावर बोट ठेवलं, बाटली हातात घेऊन गालाला लावून पाहिली. मग माझ्यापुढे हात केला.

"चाबी दे."

मी दिली. तिनं ती ओढणीच्या टोकाला बांधली, गाठ मारली, आणि गाठ दातांनी घट्ट केली. "आता टोच. संध्याकाळपावतर चाबी माह्यापाशी राहीन."

मी टोचलं. शेळीनं अंग झटकलं आणि ती पाला खायला लागली. याडी जीपच्या सावलीत बसली ती दिवसभर हलली नाही. बारा वाजेपर्यंत आणखी घरं आली. नायकाच्या शेळ्या सगळ्यांत शेवटी, उन्हं उतरल्यावर आल्या. काही घरं आलीच नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्या हिवाळ्यात तांड्यावरून मला एकही वाईट फोन आला नाही.

परतताना नाल्यापाशी मिस्त्रींनी मला थांबवलं. मोटरसायकल बंद केली, दोन्ही बाजूंना पाहिलं. "मले बाई, अशी चाबी कोणं मागतली नाई," ते म्हणाले, "आन मी कोणाले देली बी नसती." मग किक मारत, "गाडी एक दिवस सोडजा दुकानात. काम हाय." कसलं काम? "हाय."

मी सोडली, पण टपरीवर जाऊन बसलेच. त्यांनी समोरचा सगळा डॅशबोर्ड काढून ठेवला होता, सीटा बाहेर, आणि दिवसभर आत डोकं घालून बसले होते. संध्याकाळी गाडी परत मिळाली ती होती तशीच. मी स्टेपनी, जॅक, बॅटरी, सगळं तपासलं. काही गेलेलं नव्हतं, काही आलेलंही नव्हतं. काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला खूप दिवस वाटत राहिलं की यांनी काहीतरी काढून घेतलंय, मला कळत नाही एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. मी तेव्हा बाहेरगावी होते. दुकान उघडायला लेक आली, तिला किल्ल्या सापडल्या नाहीत, तेव्हा लोकांनी तिन्ही कुलपं हातोड्यानं तोडली. काकूंनी हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं. मी असते तर सांगितलं असतं, एक उघडंच आहे.

आता या पावसाळ्यात जीपचा हॉर्न बंद पडला. मिस्त्री नाहीत, म्हणून वाशीमला एका नव्या वायरमनकडे नेली. मी आधीच त्याला सांगून ठेवलं, आत सगळ्या तारा काळ्या आहेत, गाठी आहेत, शिव्या घालू नका. त्यानं डॅशबोर्ड सोडवला, आत टॉर्च मारला आणि एकेक तार बाहेर ओढून पाहिली. मग म्हणाला, "मॅडम, हे कोणं लिवलं?"

मी वाकून पाहिलं. प्रत्येक काळ्या तारेच्या टोकाला पांढऱ्या कापडी चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळलेला होता. माझी चिकटपट्टी. त्यावर बॉलपेननं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलेलं. हॉर्न. डावा इंडिकेटर. हेडलाइट. एका ठिकाणी, 'फ्यूज अठी हाय, तांब्याची तार टाकू नये.' मी मागे जाऊन सीट उचलली. बटणाजवळ: 'वर चालू, खाली बंद.' आणि त्या जाड तारेवर, पट्टी पुरेना म्हणून दोन तुकडे जोडून:

'डब्याची तार. चोवीस तास. बाईले माहीत हाय.'